कोनत्या सालचं फाडू?

“बोल, कोनत्या सालचं फाडू?”

असं विचारताना काका उजव्या हाताचा अंगठा आणि बोट जवळ आणून हवेत चिमटा दाबल्यासारखं करायचे आणि जिभेने ‘टक्’ असा आवाज काढायचे. हातात काहीच नसायचं. अमरावती–अकोला लाल गाडीवर त्यांनी उभी हयात कंडक्टर म्हणून काढली होती. तिकिटाला भोक पाडायचा चिमटा त्यांनी निवृत्त होताना जमा केला, बोटं जमा करायची राहून गेली.

तिकीट होतं खेळाचं. समजा, मागच्या कोणत्याही जमान्यात उतरून एक सामना पाहता आला, तर कुठे उतरणार? आमच्या मोहल्ल्यात कबड्डीचं मैदान आहे, मैदानाला कमरेएवढी भिंत आहे, आणि त्या भिंतीवर संध्याकाळी काका असायचे. जो समोरून जाईल त्याला हा प्रश्न. तुमच्याही गल्लीत असा एखादा माणूस असेल. नसेल तर एक बुटकी भिंत बांधून पाहा. येतो.

एकदा एका दुकानदाराने शेजाऱ्याच्या टीव्हीवर पाहिलेली क्रिकेटची फायनल मागितली. काका म्हणाले, “उभ्यानं जा लागन. त्या घरात बसाले जागा नोयती.” कॉलेजातल्या एका पोराने मोबाइलमधून मान वर न काढता सांगितलं, की त्याला आत्ताचाच काळ बरा वाटतो, टीव्हीवरची लीग आणि मॅटवरचा खेळ. “मंग तुले तिकीट कायले पायजे? तू तं स्टॉपवरच बसून हाय.”

मला विचारलं तेव्हा मी तत्त्वाला धरून उत्तर दिलं. म्हणालो, “काका, मला सामना नको. माणसं रस्त्यावर येऊन लढत होती, त्या काळात उतरायचंय मला.”

काकांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. माझी शरीरयष्टी लढ्यापेक्षा उपोषणाला साजेशी होती. “तिथं लाठ्या भेटत,” ते म्हणाले. “तुले हाफ तिकीट फाडतो. अर्धी लाठी.”

त्या दिवसापासून मी त्यांच्या तोंडी ‘पाम्प्लेट’ झालो.

नाव खोटं नव्हतं. माझे वडील प्रत्येक मोर्चातून घरी पत्रकं आणत, आणि मी अक्षरं त्यांच्यावरच गिरवली. इतर पोरं ‘क कमळाचा’ शिकत होती तेव्हा मी ‘क कष्टकऱ्यांचा’ शिकलो. त्यामुळे माझ्या लिहिण्यात पूर्णविराम फार उशिरा आला, तोवर मी उद्गारचिन्हावर भागवलं. मोहल्ल्यात नळाला पाणी आलं नाही तरी माझं पत्रक ‘इतिहास साक्षी आहे!’ असं सुरू व्हायचं. काका प्रत्येक पत्रक मन लावून वाचत. मग त्याची घडी करत, भिंतीवर अंथरत आणि वर बसत. “तुह्या लिवण्यात दम हाय,” ते म्हणायचे. “भित गार लागत नाही.”

काकांच्या स्वतःच्या गाठीला एक फायनल होती. तरुणपणी ते अमरावतीच्या संघातून अकोल्याला खेळले होते. शेवटची चढाई त्यांची. दोन गडी शिवून ते माघारी फिरले, तेवढ्यात बाळापूरच्या एका पठ्ठ्याने त्यांचा घोटा धरला. काका आडवे झाले, हात लांब केला, आणि हात मधल्या रेघेच्या अलीकडे राहिला. किती अलीकडे, ते ऐकणाऱ्यावर होतं. साध्या दिवशी हातभर, पाहुणे असले की वीतभर, सणासुदीला नखभर. गुणांचंही तसंच. एका सांगण्यात तर तो सामना आपण जिंकल्याचं मी माझ्या कानांनी ऐकलं आहे.

त्यामुळे आम्ही सगळे धरून चाललो होतो, की काकांना विचारलं तर ते त्या फायनलचंच तिकीट घेतील. पण विचारलं की ते म्हणत, “कंडक्टर तिकीट नाही काढत बाबू. तो गाडीतच असते.”

मग त्यांच्या डोळ्यांचं निघालं. काचबिंदू. डॉक्टरांनी सांगितलं, की गेलेली नजर परत येत नाही, उरलेली औषधांनी जमेल तेवढी टिकवायची. कडेचं दिसणं तोवर गेलंच होतं. समोरचं दिसे, तेही नळीतून पाहिल्यासारखं. चढाई करणारा गडी उजवीकडून डावीकडे गेला की बाकीच्यांचे डोळे फिरत, काकांची अख्खी मान फिरे.

ही बातमी त्यांनी आम्हाला पुढचा स्टॉप सांगावा तशी सांगितली. “आता डोये फुकट खर्च करनं बंद,” ते म्हणाले. “उजेड हाय तोवर एक सामना मन भरून पाहाचा. एकच.”

“कोणता?” आम्ही सगळ्यांनी एकदम विचारलं.

त्यांनी ‘टक्’ केलं. साल मात्र सांगितलं नाही.

दिवे लागायच्या आधी काकू त्यांना न्यायला यायच्या. भिंतीपाशी त्या मैदानाकडे पाठ करून उभ्या राहत. “चाला, अंधारून राहिलं,” एवढंच बोलत. मागे कितीही गलका होवो, वळून पाहत नसत. खेळात त्यांना रस नाही असा माझा समज होता, आणि हा समज मी त्यांच्याच हातचा चहा पीत पक्का केला होता. एकदा चहा पिता पिता मी त्यांना ‘स्त्री आणि सार्वजनिक अवकाश’ हे माझं पत्रकही वाचून दाखवलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. कप उचलताना विचारलं, “अवकाश म्हंजे?”

“मोकळी जागा, काकू.”

“मंग सरक थोडा. मले घर झाडाचं हाय.”

काकांना साल ठरवता येत नाही, तर ते आपण ठरवावं, असं माझ्या मनाने घेतलं. लोकशाहीवर माझा गाढ विश्वास असल्याने मी त्यासाठी एक समिती नेमली आणि काकांना तिच्यात घेतलं नाही. ठराव एकमताने झाला. अकोल्याची ती फायनल आपल्या मैदानावर पुन्हा खेळवायची. त्या वेळचे जे हाती लागतील ते गडी, खाली माती, आणि खेळ अस्सल जुन्या नियमांनी. सामना सकाळी, कारण संध्याकाळी काकांना दिसत नव्हतं. आणि लवकर, कारण सकाळीही कधीपर्यंत दिसेल याचा भरवसा नव्हता.

बाळापूरच्या त्या पठ्ठ्याला शोधायला मी अकोल्याला गेलो. आता त्यांना सगळे भाईजान म्हणतात. काकांचा घोटा धरणारा तो पंजा एका दुकानात तराजूवर खिळे टाकत होता. निमंत्रण ऐकून भाईजान उठूनच उभे राहिले.

“कंडक्टर? अरे, उसकी गाडी से कितनी बार गया मैं! एक बार बोला नहीं के भाईजान, तुम तो अपने हो, टिकट रहने दो. ताठ खडा रहता था सामने. बोलो उसको, आता हूँ. टांग पकडने आता हूँ.”

पत्रक अर्थात मी लिहिलं. ‘ऐतिहासिक सामना पुन्हा एकदा!’ छापखान्यातून ते ‘ऐतिहासिक सामान पुन्हा एकदा!’ असं होऊन आलं. प्रूफ मी पाहिलं होतं. उद्गारचिन्ह जागेवर आहे की नाही तेवढं नीट पाहिलं होतं. काकूंनी पत्रक वाचलं, त्यावरच्या म्हाताऱ्या खेळाडूंच्या फोटोंवरून नजर फिरवली आणि म्हणाल्या, “बराबर तं लिवलं. सामानच हाय.”

सामन्याच्या सकाळी हे सामान मैदानावर मांडलं गेलं. ढेऱ्या होत्या, गुडघ्यांना पट्टे होते. एक आजोबा पकडीसाठी वाकले, की त्यांना सरळ करायला दोन माणसं लागत. पंच म्हणून शेजारच्या शाळेतले पीटीचे सर होते. तरुण, इस्त्रीचे, नियम पाठ. मी कर्णा घेऊन इतिहास सांगत होतो. काका धुतलेला शर्ट घालून भिंतीवर बसले होते. त्यांनी हट्टाने काकूंनाही आणलं होतं, आणि काकू नेहमीसारख्या मैदानाकडे पाठ करून उभ्या होत्या.

बराच वेळ झाला तरी काकांची मान फिरत नव्हती. मला काळजी वाटली. मी कर्णा ठेवून त्यांच्याजवळ गेलो.

“काका, दिसतंय ना?”

“दिसते.”

“मग?”

“हे तं पाह्यलेलं हाय बे पाम्प्लेट.”

 इतकी माणसं, इतकी पत्रकं. काका समोरच बघत बोलले, “न पाह्यलेलं एक हाय.”

आणि त्यांनी सांगितलं. त्या फायनलच्या सकाळी त्यांचा संघ अकोल्यात एका मुलींच्या शाळेवरून पायी चालला होता. भिंतीच्या आत मुलींचा सामना सुरू होता. आतून एका पोरीचा दम ऐकू येत होता. लांब, बारीक, एका सुताचा, तुटायचं नावच घेत नव्हता. हे सगळे गडी पाय रोवून ऐकत राहिले. भिंत काही उंच नव्हती, हात टेकवून उडी मारली असती तर आतलं दिसलं असतं. मग कुणीतरी म्हणालं, “पोरींचं काय पाहाचं?” आणि सगळे हसून पुढे गेले.

“मीबी हासलो,” काका म्हणाले.

तो दम कुणाचा होता, ते त्यांना लग्नाला बरेच दिवस झाल्यावर, असंच बोलता बोलता कळलं. तोवर काकूंच्या मागे सासूचं आजारपण होतं, कडेवर पोर होतं, आणि मैदान सुटलेलं होतं.

काकांनी शेजारी पाठमोऱ्या उभ्या असलेल्या काकूंकडे हनुवटी केली. बोटांनी ‘टक्’ केलं.

“माह्यं तिथलं फाड.”

मी ज्यांना मोकळी जागा म्हणजे काय ते समजावून सांगत होतो, त्या रोज संध्याकाळी कशाकडे पाठ करून उभ्या राहत होत्या, हे मला तेव्हा कळलं. उद्गारचिन्ह सुचलं नाही.

काकूंनी सगळं ऐकलं होतं. “येडे झाले का तुमी?” त्या म्हणाल्या. “या वयात? लोकं काय म्हनतीन?”

“लोकं सामान पाहाले आले हायेत,” काका म्हणाले.

काकू हसल्या.  मग त्यांनी चपला काढून भिंतीखाली नीट जोडून ठेवल्या, पदर कमरेला खोचला आणि मैदानाकडे तोंड केलं.

अमरावतीच्या बाजूने पट्टेवाले एक आजोबा आनंदाने बाहेर आले, त्यांच्या जागी काकू गेल्या. खाली वाकून त्यांनी माती कपाळाला लावली, रेघ ओलांडली, आणि त्यांच्या गळ्यातून आवाज निघाला, “हुतूतूतूतूतू…” एकच धागा, कुठे गाठ नाही. भाईजान दोन पावलं मागे सरले. 

शिट्टी वाजली.

“बाद,” पीटीचे सर म्हणाले. “काकू, ‘कबड्डी’ म्हणावं लागतं. दुसरं काही म्हटलं की गडी बाद.”

“आमी हेच म्हनत होतो.”

सगळे माझ्याकडे पाहू लागले. ‘अस्सल जुन्या नियमांनी’ असं पत्रकात ठळक अक्षरांत होतं. कोणते जुने, ते मी लिहिलं नव्हतं, कारण मला ठाऊक नव्हतं. अशा वेळी मी जे करतो तेच केलं. कर्णा उचलला आणि म्हणालो, “मित्रांनो, प्रश्न एका शब्दाचा नाही! प्रश्न…”

“तू गप रे,” काकू म्हणाल्या.

न्याय मागायला मी काकांकडे पाहिलं. काका म्हणाले, “पंचानं शिट्टी मारली ना? मंग बाद.” नियमाचं म्हणाल तर बायकोला विनातिकीट नेणाऱ्यातला तो माणूस नव्हता.

काकू रेघेबाहेर गेल्या आणि बाद गडी बसतात तिथे मातीत बसल्या. “जलमभर भायेरच बसली हावो,” त्या म्हणाल्या. “अजून घडीभर बसीन.” आवाज चढला नव्हता. भिंतीपर्यंत पोचला मात्र.

कबड्डी न पाहिलेल्यांसाठी एवढं सांगतो, की बाद झालेला गडी कायमचा बाद नसतो. त्याच्या संघातल्या कुणी समोरचा एक गडी बाद केला, की बसलेला उठतो आणि पुन्हा खेळायला येतो. आमच्याकडे त्याला गडी उठवणं म्हणतात.

काका भिंतीवरून उतरले.

आम्ही धरायला धावलो तर त्यांनी हात झटकले. पायाने चाचपत ते मैदानात आले, अंगठ्याने चुन्याची रेघ शोधली आणि पलीकडे बघून म्हणाले, “ढील देसान तं याद ठेवा.”

“ढील देगा मेरा जूता,” भाईजान म्हणाले.

“कबड्डी कबड्डी कबड्डी…” काका आत गेले. नळीतून दिसणारा माणूस चढाई कशी करतो? मान फिरवत करतो. मान उजवीकडे असली की डावीकडची माणसं जगातून नाहीशी होतात. भाईजान बरोबर तिथून आले, काकांचा उजेड जिथे संपत होता तिथून, आणि त्यांनी घोटा धरला. तोच घोटा. काका धाडकन आडवे झाले. धूळ उडाली.  माणूस मेला तर पत्रक कोण काढणार, असं एक अभद्र माझ्या मनात येऊन गेलं. पण धुळीतून दम ऐकू येत होता, मातीत तोंड खुपसलेला, कबड्डी कबड्डी कबड्डी, आणि एक हात बोटाबोटाने पुढे सरकत होता.

हात रेघेवर पडला.

धरलेल्या गड्याने दम न सोडता रेघ शिवली की धरणारा बाद. शिट्टी वाजली, भाईजान बाद. आजही अकोल्यात भेटले की ते छातीवर हात ठेवून मला सांगतात, “पकड पक्की थी. खुदा की कसम, पक्की थी. वो ही निकल गया.” मी मान डोलावतो. इतक्या पक्क्या पकडीच्या पंजाला मातीचा एक कणही कसा लागला नव्हता, ते विचारत नाही.

काका पडल्या पडल्याच ओरडले, “उठ!”

काकूंनी त्यांच्या धुळीने माखलेल्या तोंडाकडे पाहिलं. “आधी तुमी उठा,” त्या म्हणाल्या.

दोघंही उठली. काका रेघेला लागून बसले आणि काकू पुन्हा चढाईला गेल्या. पुन्हा तेच, “हुतूतूतूतू…” पीटीच्या सरांनी शिट्टी तोंडातून काढली आणि खिशात ठेवली. पोराच्या अंगात खेळ होता.

काकूंनी किती गडी शिवले ते मला सांगता येणार नाही, कारण मी काकांकडे पाहत होतो. त्यांची मान फिरत होती. काकू उजवीकडे की मान उजवीकडे, काकू वळल्या की मान वळायची, एक क्षणही त्यांनी काकूंना नळीच्या बाहेर जाऊ दिलं नाही. त्यांचाही दम रोखलेला होता. काकू परत येऊन रेघेवर उभ्या राहिल्या, दम सोडला, तरी ती मान थोडा वेळ हलतच राहिली.

पुढे त्यांना दिवस आणि अंधार एवढाच फरक कळू लागला. भिंतीवर येणं चालूच होतं. पायांच्या आवाजावरून माणूस ओळखून ‘टक्’ करत. मी एकदा विचारलं, “काका, आता तुमचं कोणत्या सालचं फाडू?”

“नाही बाबू,” ते म्हणाले. “मी उतरलो.”

हिवाळ्यात ते गेले. मी पत्रक लिहायला बसलो, ‘इतिहास साक्षी आहे’ इथपर्यंत आलो, आणि पहिल्यांदाच तिथे पूर्णविराम दिला. पुढचं चार ओळींत संपलं. ते घेऊन काकूंकडे गेलो. त्यांनी वाचलं, घडी केली आणि बरोबर घेऊन मैदानावर आल्या. घडी त्यांनी भिंतीवर अंथरली आणि बसल्या. तिच्यावर नाही, तिच्या शेजारी.

आता मैदानावर मॅट आली आहे. तिच्याविरुद्ध माझं एक पत्रक तयार होतं, ते तसंच राहिलं. संध्याकाळी मुली सराव करतात आणि काकू भिंतीवरून पाहतात, मैदानाकडे तोंड करून. त्यांची नजर चांगली आहे, तरी चढाई सुरू झाली की अख्खी मान फिरते.

परवा एक पोरगी बाद झाली. बाद गड्याने मॅटच्या कडेला बसायचं असतं, पण ही रागारागाने येऊन भिंतीवर, काकूंच्या शेजारच्या जागेवर बसली. मी पुढे होऊन काही बोलणार होतो. काकूंनी मला हातानेच थांबवलं. पोरीकडे त्यांनी पाहिलं नाही, मान खेळाबरोबर फिरत होती.

“बस घडीभर,” त्या तिला म्हणाल्या. “उठवतीन.”

तिकडे शिट्टी झाली. पोरगी टुणकन उठली आणि पळाली. काकूंनी शेजारच्या जागेवरची धूळ तळहाताने झटकली.